बेहाला, महीनेर घोडागुलि आणि कीर्तीचे मोजमाप

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉक संगीताभोवती जी श्रोतृसंस्कृती उभी राहिली, तिच्यात कोणत्या बँडचे कौतुक त्याच्या योग्यतेपेक्षा अधिक झाले आणि कोणता बँड योग्यता असूनही उपेक्षित राहिला, हा वाद संगीताइतकाच महत्त्वाचा ठरला. वरवर पाहता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. परंतु एखाद्या विशिष्ट शहरात आणि विशिष्ट काळात तो कसा घडला हे तपासले, तर त्यामागे तबकड्यांचा पुरवठा, रेडिओचे कार्यक्रम, गाण्याची भाषा आणि श्रोत्याचे घर शहराच्या कोणत्या भागात होते, अशा अनेक गोष्टी उभ्या असल्याचे दिसते. कोलकात्याचे बेहाला हे दक्षिण-पश्चिम उपनगर आणि ज्यांचे बालपण तेथे गेले त्या गौतम चट्टोपाध्याय यांनी स्थापन केलेला ‘महीनेर घोडागुलि’ हा बँड, हे या दृष्टीने अतिशय बोलके उदाहरण आहे. हयातीत जवळजवळ दुर्लक्षित राहिलेला हा बँड विसर्जनानंतर दीड दशकाने बंगाली रॉकचा आद्य प्रवर्तक मानला गेला, आणि आज त्याचे कौतुक अवाजवी आहे की अजूनही अपुरे आहे, यावर बंगाली श्रोत्यांमध्ये मतभेद आहेत.

या वादातील दोन संज्ञा आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. रॉक म्हणजे विजेवर चालणारी गिटार, बेस गिटार आणि ड्रम यांच्या आधारावर उभे असलेले, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून आणि तेथील लोकसंगीतातून विकसित झालेले गायन-वादन. तर प्रोग्रेसिव्ह रॉक, ज्याला श्रोते ‘प्रॉग’ म्हणतात, ही १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रामुख्याने इंग्लंडमध्ये आकाराला आलेली अशी शाखा, जिच्यात पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ आणि लोकसंगीत यांच्या रचनातत्त्वांचा वापर करून दीर्घ, अनेक विभागांच्या आणि बदलत्या तालांच्या रचना केल्या गेल्या. ‘किंग क्रिम्सन’ या बँडची १९६९ मधील पहिली तबकडी या शाखेचा आरंभबिंदू मानली जाते, आणि १९७२ मध्ये ‘जेथ्रो टल’ने तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापणारी एकच सलग रचना प्रसिद्ध केली, तेव्हा या शैलीची महत्त्वाकांक्षा स्पष्ट झाली.

याच महत्त्वाकांक्षेवर पुढे मोठा आक्षेप घेतला गेला. ‘येस’ या बँडने १९७३ मध्ये चार बाजूंवर चारच रचना असलेली जोडतबकडी काढली, तेव्हा अनेक समीक्षकांना ती फुगवलेली वाटली. १९७६-७७ मध्ये इंग्लंडमध्ये पंक ही थेट, लहान आणि संतप्त गाण्यांची चळवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या एका प्रमुख गायकाने ‘पिंक फ्लॉइड’चा द्वेष जाहीर करणारा सदरा घालून मिरवणे हीच एक समीक्षा ठरली. उलट बाजूने, ‘लेड झेपलिन’च्या १९६९ मधील पहिल्या तबकडीला अमेरिकेतील ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने नाकारले होते, आणि तीच तबकडी पुढे रॉकच्या इतिहासातील मानदंड बनली. तात्कालिक निवाडे किती वेगाने उलटतात हे पाश्चात्त्य रॉकमध्ये तोवर सिद्ध झाले होते. मात्र हे निवाडे कोलकात्यात पोहोचले ते दुसऱ्याच क्रमाने आणि दुसऱ्याच कारणांनी.

बेहाला हा भाग कोलकात्याच्या इतिहासात नवा नाही. १० नोव्हेंबर १६९८ रोजी सुतानुटी, कलिकाता आणि गोविंदपूर या तीन गावांचे हक्क ईस्ट इंडिया कंपनीकडे ज्या करारान्वये गेले, तो याच परिसरातील बडिशा येथे, साबर्ण रायचौधुरी घराण्याच्या आटचाला या सभामंडपात झाला असे मानले जाते. असे असूनही बेहाला दीर्घ काळ शहराच्या हद्दीबाहेर, साउथ सबर्बन नगरपालिकेच्या अखत्यारीत राहिले आणि १९८४ मध्ये कोलकाता महानगरपालिकेत सामील झाले. डायमंड हार्बर रस्त्यावरील ट्राममार्गाने ते शहराच्या मध्याशी जोडलेले होते, तारातला परिसरात कारखाने होते, आणि फाळणीनंतर दक्षिणेकडील या उपनगरांची वस्ती पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांमुळे झपाट्याने वाढली. ज्या पार्क स्ट्रीटवर पाश्चात्त्य संगीत वाजत होते, त्या रस्त्यापासून बेहाला अंतराने फार दूर नव्हते. परंतु भाषा, खिशातील पैसा आणि राहणीमान यांमुळे ते अंतर मोठे होते.

पार्क स्ट्रीटवरील ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्स आणि मुलाँ रूज या उपाहारगृहांत १९५० ते १९७० च्या दशकांत दररोज संध्याकाळी प्रत्यक्ष वादन होत असे. पॅम क्रेन, लुई बँक्स आणि १९६९ पासून उषा उत्थुप यांसारख्या कलावंतांची कारकीर्द तेथे घडली, आणि वादकांमध्ये अँग्लो-इंडियन व गोव्याहून आलेल्या कलावंतांचा भरणा मोठा होता. तरुण पिढीच्या ‘ग्रेट बेअर’ आणि पुढे ‘हाय’ या बँडांनी इंग्रजी रॉक वाजवले. ‘हाय’चे दिलीप बालकृष्णन यांनी स्वतःची इंग्रजी गाणी रचली आणि त्यांना ड्रमवादक नंदन बागची यांची साथ होती. या संगीताची चर्चा घडवणारे मुख्य साधन म्हणजे स्टेट्समन वृत्तपत्रसमूहाने १९६७ मध्ये डेस्मंड डॉइग यांच्या संपादनाखाली सुरू केलेले ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे साप्ताहिक, जे वाचकांमध्ये ‘जेएस’ या नावाने ओळखले जाई आणि १९७७ मध्ये बंद पडले. आकाशवाणीच्या कोलकाता केंद्रावरील ‘म्युझिकल बँडबॉक्स’ हा फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम उपनगरांतील घरांपर्यंत हेच संगीत पोहोचवीत असे.

तबकड्यांचा पुरवठा हा या चर्चेचा खरा पाया होता. १९९१ पूर्वी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे परदेशी तबकडी सरळ दुकानातून विकत घेणे बहुसंख्य श्रोत्यांना अशक्य होते. दमदम येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता आणि ही कंपनी इंग्लंडच्या ईएमआय समूहाची होती; त्यामुळे ‘बीटल्स’, ‘पिंक फ्लॉइड’ किंवा ‘डीप पर्पल’ यांसारख्या त्या समूहाशी संबंधित बँडच्या तबकड्या येथेच छापल्या जाऊन तुलनेने सहज मिळू शकत. ‘जेनेसिस’ किंवा ‘व्हान डर ग्राफ जनरेटर’ यांसारखे बँड मात्र ‘करिष्मा’ या दुसऱ्याच कंपनीशी बांधलेले होते, आणि अशा बँडसाठी श्रोत्याला परदेशातून परतणारे नातेवाईक, बंदरावर येणारे खलाशी किंवा फ्री स्कूल स्ट्रीटवरील जुन्या तबकड्यांची दुकाने यांवर अवलंबून राहावे लागे. कोलकात्यातील एखादा तरुण १९७० च्या दशकात ‘पिंक फ्लॉइड’ला श्रेष्ठ आणि इतर प्रॉग बँडना दुय्यम ठरवीत असेल, तर त्या मतामागे त्याच्या कानाइतकाच दमदमचा कारखानाही उभा होता, हे इतिहासकाराने विसरता कामा नये.

मत मांडण्याची आणि तोलण्याची परंपरा मात्र या शहराला रॉकने दिलेली नाही. मोहल्ल्यातील घराच्या ओट्यावर, चहाच्या दुकानात किंवा कॉफी हाउसमध्ये तासन्तास चालणाऱ्या वादप्रधान बैठकीला बंगाली समाज ‘अड्डा’ म्हणतो, आणि या अड्ड्याची एक आवडती रीत म्हणजे दोन नावे समोरासमोर ठेवून त्यांची तुलना करणे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल हे फुटबॉल क्लब, सत्यजित राय आणि ऋत्विक घटक हे दिग्दर्शक, उत्तमकुमार आणि सौमित्र चट्टोपाध्याय हे अभिनेते, हेमंत मुखोपाध्याय आणि मन्ना डे हे गायक, या जोड्यांवर अनेक पिढ्यांनी वाद घातले. महाराष्ट्रातही बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांमधील चुरस इतकी तीव्र होती, की १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग ही त्या चुरशीची परमावधी ठरली. रॉक बँड या जुन्या तुलनापद्धतीत नव्या सामग्रीप्रमाणे दाखल झाले, आणि त्यामुळे बेहालासारख्या उपनगरातील विद्यार्थी ज्या आत्मविश्वासाने खेळाडूंवर बोले, त्याच आत्मविश्वासाने इंग्लंडच्या गिटारवादकांवरही बोलू लागला.

गौतम चट्टोपाध्याय यांचे बालपण बेहालामध्ये, संगीताची आवड असलेल्या घरात गेले. पुढे त्यांचे कुटुंब टॉलीच्या नाल्यापलीकडील नाकतला येथे राहू लागले आणि तेच घर बँडच्या सरावाचे ठिकाण बनले. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना त्यांनी अँग्लो-इंडियन मित्रांबरोबर ‘दि अर्ज’ नावाच्या बँडमधून पाश्चात्त्य गाणी वाजवली, म्हणजे पार्क स्ट्रीटचे संगीत त्यांनी आतून अनुभवले होते. १९६७ च्या नक्षलबारी उठावानंतर कोलकात्याच्या महाविद्यालयांत पसरलेल्या चळवळीत ते ओढले गेले, त्यांना अटक आणि तुरुंगवास झाला, आणि सुटकेनंतर काही काळ त्यांनी राज्याबाहेर, भोपाळ आणि जबलपूर येथे काढला. परतल्यावर १९७० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी जो समूह जमवला, त्यात त्यांचे भाऊ प्रदीप आणि विश्वनाथ, तसेच रंजन घोषाल, तापस दास, तपेश बंद्योपाध्याय आणि अब्राहम मजुमदार असे सात जण होते. ‘सप्तर्षि’ आणि ‘तीरंदाज’ अशी नावे वापरून पाहिल्यावर त्यांनी रंजन घोषाल यांच्या सूचनेवरून जीवनानंद दाश यांच्या ‘घोडा’ या कवितेतून ‘महीनेर घोडागुलि’, म्हणजे महीनचे घोडे, हे नाव घेतले. बँडला आधुनिक बंगाली कवितेतून नाव घ्यावेसे वाटणे हाच त्यांच्या भूमिकेचा जाहीरनामा होता.

आपल्या संगीताला ते ‘बाउल जॅझ’ म्हणत. बाउल हे एकतारी, दोतारा आणि डुग्गी घेऊन गावोगाव गाणारे बंगालमधील साधक-गायक होत, आणि त्यांचा पाश्चात्त्य रॉकशी आधीच संबंध आलेला होता. बॉब डिलनच्या १९६७ मधील एका तबकडीच्या मुखपृष्ठावर पूर्णदास आणि लक्ष्मणदास हे दोन बाउल त्याच्या शेजारी उभे दिसतात. परंतु डिलनच्या मुखपृष्ठावर बाउल पाहुणे होते, तर महीनेर घोडागुलिच्या रचनांत बाउलांची सुरावट, गिटार, व्हायोलिन, पियानो, बासरी आणि सॅक्सोफोन एकाच घरातील असल्यासारखे वावरतात. त्यांच्या ‘हाय भालोबासि’ या गाण्यात पिकासो, बुन्युएल, दान्ते, बीटल्स, डिलन, बेथोव्हेन, रविशंकर आणि अली अकबर यांची नावे एकाच श्वासात येतात. ही यादी म्हणजे त्या पिढीच्या अड्ड्यावरील मूल्यमापनाचा गाण्यात आलेला पुरावा आहे, आणि तीत पूर्व-पश्चिम किंवा अभिजात-लोकप्रिय अशी उतरंड जाणीवपूर्वक नाकारलेली आहे.

बँडच्या हयातीत त्यांच्या तीन छोट्या तबकड्या निघाल्या: १९७७ मध्ये ‘संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक’, १९७८ मध्ये ‘अजाना उडंत वस्तु वा अ-उ-ब’ आणि १९७९ मध्ये ‘दृश्यमान महीनेर घोडागुलि’. या तिन्हींत मिळून जेमतेम आठ गाणी होती. स्टार थिएटर, रवींद्र सदन, मॅक्समुलर भवन आणि सेंट पॉल कॅथीड्रल अशा ठिकाणी त्यांचे कार्यक्रम झाले, १९८० च्या जॅझ महोत्सवातही ते वाजवून आले, आणि तरीही श्रोतृवर्ग मर्यादित राहिला. त्या काळी बंगाली मध्यमवर्गाचे संगीत म्हणजे रवींद्रसंगीत, नजरुलगीते आणि चित्रपटगीते यांनी आखलेला प्रदेश होता. रवींद्रसंगीताच्या ध्वनिमुद्रणाला विश्वभारतीच्या संगीत मंडळाची मान्यता लागे, आणि शुद्धतेचा हा आग्रह एकूणच गाण्याकडे पाहण्याच्या दृष्टीत मुरलेला होता. शहरातील एकाकीपणा, बेकारी, वेश्या, भिकारी आणि उडत्या तबकड्या यांवर गिटार घेऊन बंगालीत गाणारे सात तरुण या प्रदेशात कोठेच बसत नव्हते. इंग्रजी रॉकच्या श्रोत्यांना ते स्थानिक वाटले आणि बंगाली गाण्याच्या श्रोत्यांना ते परके वाटले.

राजकीय वातावरणही अनुकूल नव्हते. १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या डाव्या आघाडीच्या काही नेत्यांच्या दृष्टीने पाश्चात्त्य वळणाचे संगीत ‘अपसंस्कृती’, म्हणजे संस्कृती बिघडवणारी गोष्ट होती, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी मंत्री जतीन चक्रवर्ती यांनी उषा उत्थुप यांना सरकारी सभागृहांत गाण्यास मज्जाव केल्याने हे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तेथे गायिकेच्या बाजूने निकाल लागला. पार्क स्ट्रीटवरील प्रत्यक्ष वादनही करमणूक कराच्या भाराने आणि शहराच्या अस्थिरतेने तोवर ओसरले होते. महीनेर घोडागुलि १९८१ मध्ये थांबले ते मुख्यतः पोटापाण्याच्या निमित्ताने सभासद पांगल्यामुळे. विश्वनाथ अमेरिकेला गेले, रंजन घोषाल बंगळूरला, अब्राहम मजुमदार संगीताच्या शिक्षणासाठी जर्मनीला, आणि गौतम चित्रपटांकडे वळले, ज्यातून १९८३ मध्ये ‘नागमती’ हा त्यांचा चित्रपट आला.

उपेक्षेचा हा काळ उलटला तो संगीताच्या गुणवत्तेत अचानक भर पडल्यामुळे नव्हे, तर श्रोत्यांची घडण बदलल्यामुळे. १९९२ मध्ये सुमन चट्टोपाध्याय, म्हणजेच पुढील काळातील कबीर सुमन, यांचा ‘तोमाके चाइ’ हा संग्रह आला आणि गिटारच्या साथीवर शहरी जीवनाचे बंगाली गाणे घराघरांत पोहोचले; नचिकेता आणि अंजन दत्त यांनी ती वाट रुंद केली, आणि स्वस्त कॅसेटमुळे नव्या कलावंताला मोठ्या कंपनीच्या मेहेरबानीची गरज उरली नाही. या तयार जमिनीवर १९९५ च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात गौतम चट्टोपाध्याय यांनी ‘आबार बछर कुडि परे’ ही कॅसेट आणली. तिच्यावर ‘महीनेर घोडागुलि संपादित’ अशी ओळ होती, कारण तीत ‘क्रॉसविंड्झ’ यांच्यासारख्या नव्या कलावंतांना स्थान देऊन त्यांनी संपादकाची भूमिका स्वीकारली होती. त्यानंतर ‘झरा समयेर गान’, ‘माया’ आणि ‘ख्यापार गान’ हे संग्रह आले, आणि २० जून १९९९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘कॅक्टस’, ‘फॉसिल्स’ आणि ‘चंद्रबिंदू’ यांची पिढी रंगमंचावर उभी राहिली होती. त्यांचे पुत्र गौरव यांचा ‘लक्ष्मीछाडा’ हा बँड त्याच पिढीतला.

आजच्या वादातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येथेच दडलेला आहे. ज्या ‘पृथिवीटा नाकि’ या गाण्याने महीनेर घोडागुलिचे नाव बंगालच्या बाहेर नेले, ते १९७० च्या दशकातील नसून १९९५ च्या कॅसेटमधील आहे. २००६ मध्ये ‘गँगस्टर’ या हिंदी चित्रपटात त्याच्या चालीवर बेतलेले गाणे बांगलादेशाचे रॉक गायक जेम्स यांच्या आवाजात आले, आणि लाखो श्रोत्यांनी मूळ कलावंतांचे नाव न जाणता ती चाल आपलीशी केली. बँडचे कौतुक अवाजवी आहे असे मानणारे यावरून असा युक्तिवाद करतात, की आठ गाण्यांच्या, साधारण प्रतीच्या ध्वनिमुद्रणावर एवढी मोठी दंतकथा उभारणे हा इतिहासाचा विपर्यास आहे, आणि नंतरच्या संग्रहांतील इतरांच्या श्रमाचे श्रेयही एकाच नावाकडे वळवले जाते. या आक्षेपातील दुसरा भाग रास्त आहे. ‘संपादित’ या शब्दाने गौतम चट्टोपाध्याय यांनी स्वतःच जो भेद स्पष्ट केला होता, तो चाहत्यांनी पुसून टाकणे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

पहिला भाग मात्र तपासाअंती टिकत नाही. त्यांना इंग्लंडच्या अर्थाने प्रॉग बँड म्हणता येत नाही हे खरे, कारण दीर्घ रचना करण्यासाठी लागणारी मोठी तबकडी, स्टुडिओतील वेळ आणि कंपनीचे पाठबळ यांपैकी काहीच त्यांच्याजवळ नव्हते. परंतु प्रॉगचे मूळ तत्त्व लांबीत नसून भिन्न संगीतपरंपरांना एका रचनेत अर्थपूर्णरीत्या बांधण्यात आहे, आणि त्या कसोटीवर ‘मेरुन संध्यालोक’ किंवा ‘चैत्रेर काफन’ यांसारखी गाणी पूर्णपणे उतरतात. विपुलता ही श्रेष्ठत्वाची अट मानली, तर साधनांचे दारिद्र्य हाच दोष ठरेल, आणि तो दोष कलावंताच्या माथी मारणे अनुचित आहे. ‘हाय’ बँडची अवस्था याहून बिकट झाली. सामर्थ्यवान इंग्रजी गाणी रचूनही त्यांच्या उमेदीच्या काळात ती व्यापारी तबकडीवर आली नाहीत, आणि १९९० मध्ये दिलीप बालकृष्णन यांचे निधन झाल्यावर ते नाव जाणकारांपुरतेच उरले. बेहाला-नाकतल्याच्या बँडने निदान तीन तबकड्या मागे ठेवल्या, म्हणूनच पुढील पिढीला त्यांच्याकडे परत येता आले.

कीर्ती उशिरा आली तरी तिने कलावंतांचे जीवन सुकर केले असे नाही. तापस दास यांच्या अखेरच्या आजारपणात सहकारी संगीतकारांना मदतनिधीसाठी कार्यक्रम करावे लागले. जून २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी २०२० मध्ये रंजन घोषाल निवर्तले होते. ज्या बेहालात गौतम यांचे बालपण गेले, तेथे डिसेंबर २०२२ मध्ये जोका ते तारातला या मेट्रोचे उद्घाटन झाले, आणि तेथील तरुण आज जगातील कोणताही बँड क्षणात ऐकू शकतो. परंतु अमर्याद उपलब्धतेमुळे मूल्यमापन आपोआप न्याय्य होते असे नाही, कारण आजही जे अधिक वेळा समोर ठेवले जाते तेच श्रेष्ठ मानण्याकडे कल असतो.

मराठी वाचकाला या इतिहासातून स्वतःच्या भाषेकडे पाहण्याची दृष्टी मिळते. ज्या वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, कोलकात्यात महीनेर घोडागुलिची दुसरी तबकडी निघाली, त्याच वर्षी पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून रूपांतरित केलेले आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेले ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगमंचावर आणले, आणि त्यात मुंबईच्या इंग्रजी रॉक बँडांमधून आलेल्या नंदू भेंडे यांनी मराठी रंगभूमीवर रॉकचा सूर निःसंकोचपणे लावला. नाट्यसंगीत, लावणी आणि रॉक यांची ती गुंफण बाउल जॅझइतकीच धाडसी होती. पण बंगालमध्ये १९९५ साली जशी पुढच्या पिढीने जुनी वाट हाती घेतली, तसे मराठीत घडले नाही, आणि २०१४ मध्ये नंदू भेंडे यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या कार्याची चर्चा मुख्यतः आठवणींपुरती राहिली.

कोणता बँड अवाजवी गाजला आणि कोणता अन्यायाने विसरला गेला, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक श्रोत्याला आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी त्या बँडचे संगीत कोणत्या भाषेत होते, कोणत्या कारखान्यात छापले गेले, कोणाच्या घरापर्यंत पोहोचले आणि कोणाच्या घरापर्यंत पोहोचूच शकले नाही, हे शोधणे त्याचे कर्तव्य आहे. महीनेर घोडागुलि आपल्या काळात उपेक्षित राहिले हा निष्कर्ष पुराव्याने सिद्ध होतो, आणि आजचे त्यांचे कौतुक, श्रेयाची विभागणी प्रामाणिकपणे केली तर, अवाजवी ठरत नाही. मराठी रॉकच्या जुन्या तबकड्या, कॅसेटी, नाटकांची ध्वनिमुद्रणे आणि कार्यक्रमपत्रिका अजून अनेक घरांतील कपाटांत असतील. त्या नष्ट होण्यापूर्वी गोळा करून संग्रहालयांकडे आणि अभ्यासकांकडे सोपवणे हे काम मराठी संगीतरसिकांनी आता हाती घ्यावे.